"आता घरी न्या, सेवा करा" – पण ती सेवा कशी करायची?

सांजवात

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात नर्स आहे, यंदा एकवीस वर्षं झाली. पहिली चौदा वॉर्डात गेली. आता घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं बघते. शहरात आणि करवीर, कागल, पन्हाळ्याच्या बाजूलाही.

शेवटच्या टप्प्यातला पेशंट असला की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात आणि एक वाक्य सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." मी हे शेकडो वेळा ऐकलंय. डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, गाडी ठरते, पेशंट घरी येतो. आणि त्या रात्रीपासून घरातल्या बाईला कळत नाही की सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं. कुशीवर कसं वळवायचं, तोंड कसं पुसायचं, घरघर लागली तर काय, खात नाही तर काय. हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात जात होते. पेशंट आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या होते, म्हणजे रस आटवून गूळ करणारे. अन्ननलिकेचा कर्करोग, पाणीसुद्धा उतरत नव्हतं. बायको रोज वाटीत भाताची पेज घेऊन बसायची आणि चमचा ओठाला लावून रडायची. "सिस्टर, सलाईन तर लावा की. उपाशी मारायलोय आम्ही ह्यांना." मी पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी समजावलं. पटत नव्हतं, आणि पटणार तरी कसं? आपल्याकडं माया म्हणजे ताट वाढणं.

तिसऱ्या दिवशी मी समजावणं सोडून दिलं आणि तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि जीभ, गालांच्या आतली बाजू, हिरड्या हळू पुसून घ्यायच्या. दर तास-दोन तासांनी. ओठांना तूप लावायचं. ती करायला लागली. मग तिनंच विचारलं, "काकवी लावू का जिभंला?" म्हटलं, बोटाच्या टोकाला येईल एवढीच लावा, गिळायला लागू नये इतकी. तिनं लावली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून चव घेतली, आणि दोन दिवसांत न बोललेला माणूस म्हणाला, "पाक जरा पुढं गेलाय."

त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले. पण त्या पाच दिवसांत बाई एकदाही म्हणाली नाही की आम्ही उपाशी मारतोय.

तुमच्या घरी, तुमच्या वॉर्डात असे प्रसंग आले असतील. लिहा. नर्स असाल तर लिहाच, आणि नसाल तरीही.

गारगोटीकर

ताई, सलाईनचं नीट सांगाल का? वडिलांच्या वेळी आम्ही हट्टानं लावून घेतलं होतं. भावकीतले म्हणत होते की पैसे वाचवायलेत. आज वाचताना पोटात गोळा आला. आमचं चुकलं का?

सांजवात

दादा, तुम्ही मायेनं लावलंत. आधी तो गोळा जाऊ दे.

शरीर बंद व्हायला लागलं की भूक आणि तहान आपोआप कमी होते. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो, मरणाकडं निघालाय म्हणून खात नसतो. हे उलटं-सुलटं झालं की घरच्यांच्या डोक्यात आयुष्यभराची टोचणी राहते. मूत्रपिंडं आणि हृदय थकलेलं असताना बाटल्या चढवल्या तर ते पाणी पायांवर, हातांवर, छातीत साठतं. सूज येते, घशातली घरघर वाढते. म्हणून आम्ही टाळा म्हणतो. काही पेशंटना थोडं सलाईन उपयोगी पडतंही, ते डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. पण कोरड पडलेलं तोंड सलाईननं ओलं होत नाही. त्याला कापूसच लागतो.

रात्रपाळी

मीही स्टाफ नर्स. वॉर्डातलीच, नऊ वर्षं.

सगळ्यात जास्त विचारतात ते ऊर्ध्व लागल्यावर. श्वास भराभर होतो, खोल जातो, मग उथळ होतो, मग थांबतो. वीस-तीस सेकंद काहीच नाही. सगळे उठून उभे राहतात, आणि परत सुरू होतो. ह्याला पुस्तकात चेन-स्टोक्स म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांच्या नावावरून. आपल्या आज्ज्यांनी पुस्तक न वाचता त्याला ऊर्ध्व म्हटलं होतं. ह्या अवस्थेत पेशंट बहुतेक वेळा शुद्धीत नसतो आणि बघणाऱ्याला वाटतो तेवढा त्रास त्याला होत नसतो. मी नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवते, कारण ऊर्ध्व सुरू झाल्यावर सांगितलं तर कुणाला ऐकू जात नाही.

घरघर वेगळी. गिळता येत नाही म्हणून घशात लाळ साठते आणि श्वासाबरोबर वाजते. खोलवर नळी घालून सक्शन करत बसलं तर त्रास जास्त होतो. एका कुशीवर वळवा, डोकं थोडं वर घ्या, बाहेर आलेली लाळ पुसा. डॉक्टर लाळ कमी करायचं इंजेक्शन देऊ शकतात.

पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर-जांभळी जाळी दिसायला लागते. तिथं गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते आणि पेशंटला सांगता येत नाही. चादर पुरे. आणि पाठीवर लाल डाग दिसला तर तो चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा. दोन तासांनी कूस बदलायची असा आमचा नेम. अगदी शेवटच्या तासांत मात्र हलवल्यानं कण्हत असतील तर घड्याळ बाजूला ठेवा.

एक_लेक

मी नर्स नाही. हा धागा दोन दिवस नुसता वाचतेय.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, एका खाजगी दवाखान्यात. शेवटी सगळी धावपळ झाली, आणि आम्हाला "नातेवाईक बाहेर थांबा" म्हणून बाहेर काढलं. हिरवा पडदा ओढला. आई पडद्याच्या बाहेर उभी होती, पडद्याखालून फक्त चपला दिसत होत्या. चाळीस मिनिटांनी कुणीतरी येऊन सांगितलं. तेव्हा बॉडी बांधून झाली होती.

आई अजून त्या चाळीस मिनिटांतच आहे. जेवते, बाजारात जाते, अंबाबाईला जाते, नातवाशी खेळते. आणि मध्येच विचारते, "त्यांनी हाक मारली असंल का गं?"

मला कुणावर आरोप करायचा नाही. फक्त विचारायचंय, का काढतात बाहेर?

सांजवात

ताई, तुमचं वाचून मी काल काही लिहू शकले नाही.

मी स्वतः लोकांना बाहेर काढलंय. खूप वेळा. छातीवर दाब देताना जागा लागते, घरचे कोसळतात, आरडाओरडा होतो, डॉक्टर ओरडतात, ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्या पेशंटचं सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यांच्याही वेळी मी सवयीनं "बाहेर थांबा" म्हटलं. तिथं कारण नव्हतं. मला त्यांच्या डोळ्यांसमोर माझं काम करायचं नव्हतं, एवढंच.

मंगळवार पेठेतल्या एक मावशी होत्या, मालक वारल्यावर मला म्हणाल्या, "सिस्टर, पस्तीस वरसं त्यांच्या शेजारी झोपले, आणि शेवटच्या घटकेला तुम्ही बसलासा." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून मी एका माणसाला तरी आत ठेवते. खुर्ची देते. हात हातात घ्यायला सांगते. भांडण झालं तर मी भांडते.

तुमच्या आईंच्या प्रश्नाला खरं उत्तर माझ्याकडं नाही. शेवटच्या तासांत बहुतेक माणसं शुद्धीत नसतात, हाक मारायच्या अवस्थेत नसतात. पण हे सांगून त्यांचं दुखणं थांबेल असं मला वाटत नाही. त्यांना वडिलांचं बोलायला लावा. चाळीस मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं.

भूलतज्ज्ञ

मी भूलतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं वेदनाशमनाचं काम करतो. एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो: मॉर्फिन.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेला आणि शेवटच्या दिवसांतल्या धापेला तोंडानं घ्यायचं मॉर्फिन हे जुनं, स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते मिळवायला इतके परवाने लागायचे की अनेक रुग्णालयांनी ठेवणंच बंद केलं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच मंजुरीवर ते ठेवता येऊ लागलं. तरी भीती गेलेली नाही. घरचे म्हणतात, "त्यानं माणूस लवकर जातो", "सवय लागते". योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिननं मरण लवकर येत नाही. शेवटचा डोस आणि मृत्यू जवळजवळ येतात, म्हणून घरच्यांना तसं वाटतं. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. आणि धाप लागलेल्याच्या तोंडावर साधा टेबल फॅन लावून बघा, बऱ्याच जणांना बरं वाटतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. त्यांनी 'टोटल पेन' हा शब्द दिला. वेदना अंगाची असते, मनाची असते, घरच्या काळजीची असते, आणि "माझ्याच वाट्याला का" अशीही असते. माझा अनुभव असा की मुलीचं लग्न राहिलंय ह्या काळजीनं तळमळणाऱ्या माणसाला गोळीचा डोस वाढवून झोप लागत नाही. तिथं आधी कुणीतरी शेजारी बसून ती काळजी ऐकावी लागते. आणि ते बहुतेक वेळा नर्सच करते, ह्याची आम्ही डॉक्टरांनी पुरेशी नोंद घेतलेली नाही.

मंगळवारपेठी

डॉक्टरसाहेब, पण पेशंटला सांगायचं का? आमच्या काकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. अल्सर आहे म्हटलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. माणूस खचतो हो.

रात्रपाळी

मंगळवारपेठी, ह्यात सगळ्यात जास्त कुचंबणा आमची होते. दारात मुलगा सांगतो, "सिस्टर, बाबांना काही बोलू नका." आत गेलं की बाबा विचारतात, "सिस्टर, मी काय आता उठत न्हाई न्हवं?" रात्री दोनला विचारतात, सगळे झोपल्यावर. त्यांना कळलेलं असतं. घरचे त्यांच्यापासून लपवतात, आणि ते घरच्यांना त्रास नको म्हणून घरच्यांपासून लपवतात. दोघंही एकटे.

मी खोटं बोलत नाही आणि धाडकन खरंही सांगत नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" म्हणून विचारते आणि स्टूल ओढून बसते. एक जण म्हणाले होते, "मला ठावं हाय. फक्त त्या पोराला कळू देऊ नको." सकाळी मी मुलाला एवढंच सांगितलं, तुमच्या वडिलांना तुमच्याशी बोलायचंय, आज कामाला जाऊ नका. दोघं बोलले. दार लावून घेतलं होतं. काय बोलले मला माहीत नाही.

गारगोटीकर

हे पटलं. वडील मला सारखं विहिरीवरच्या मोटरचं सांगायचे, स्टार्टर कसा बदलायचा, वाटणीच्या पाण्याची पाळी कुणाची. मी म्हणायचो, आण्णा, बरं झाल्यावर बघू. आता कळतंय ते काय करत होते.

नर्सिंग_शिक्षिका

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुलींना शिकवते. दुःखावर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे पाच टप्पे: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. मुली पाठ करतात, पाच मार्क मिळतात, आणि वॉर्डात जाऊन नातेवाइकांना त्या साच्यात बसवायला बघतात. "मॅडम, ती अजून नकारातच आहे, रागावर आली नाही."

१९६९ साली त्यांनी हे मांडलं ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांच्या दुःखाला ते नंतर चिकटवलं गेलं. आणि पायऱ्या चढाव्यात तसं कुणीच दुःख करत नाही. मला स्वतःला १९९९ साली नेदरलँड्सच्या श्ट्रोबे आणि शूट यांनी मांडलेलं जास्त जवळचं वाटतं. त्यांच्या म्हणण्यानुसार दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे खातो. एकदा गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, एकदा रेशनकार्ड, बँक, पोराची फी ह्यांत गुंततो. दोन्ही लागतं.

एक_लेक, तुमच्या आई बाजारात जातात आणि मध्येच विचारतात, हे मला तसंच दिसतं. त्या काही चुकीचं करत नाहीत. मात्र सहा महिने उलटूनही रोजचं जगणंच ठप्प असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत लांबलेल्या दुःखाची वेगळी नोंद आहे. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शिरोळची_लेक

दुःखाबद्दल बोलतोय तर हे लिहायलाच हवं.

मी नवीन नर्स असताना एका पेशंटचा श्वास थांबला. डॉक्टर अजून बघून गेले नव्हते, आणि खाटेशेजारीच दोन बायकांनी त्याच्या बायकोचे हात धरले, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. काच तिच्या मनगटात गेली. मी नवऱ्याचं अंग पुसायचं सोडून तिच्या हाताला पट्टी बांधत होते. ती रडतसुद्धा नव्हती. आपला माणूस गेला हे तिला कळायच्या आधीच तिला तिची नवी जागा दाखवली होती.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तेव्हा मला सगळ्यात आधी ते मनगट आठवलं. ठराव झाला म्हणून सगळीकडं थांबलंय असं नाही. पण आता मी वॉर्डात उभी राहून सांगू शकते, "इथं हे चालणार नाही, आणि गावांनीसुद्धा बंद केलंय." बायकोला माणसाजवळ बसू द्या. तेवढा वेळ तिचा आहे.

सांजवात

शिरोळची_लेक, हे मीही पाहिलंय. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

पंचगंगेकाठी

मी घाटाजवळच राहतो. स्मशानभूमीत जाणारे रोज बघतो. आपल्या कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला मंडळं, तालमी, शाळेतली पोरं शेणी (गोवऱ्या) जाळायच्या ऐवजी स्मशानभूमीला दान करतात. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. कुणाच्या तरी मातीला कुणा अनोळखी पोरानं दिलेली शेणी लागते.

आणि पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारचे कडू घास आणतात. रक्षाविसर्जनाला सगळे पुन्हा जमतात. निवद ठेवतात, कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवत नसला की कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, "आण्णा, धाकट्याचं लग्न आम्ही करतो, काळजी करू नका." मी विज्ञान मानणारा माणूस आहे. पण त्या वेळी न बोललेलं बोललं जातं, चारचौघांत. आमच्या काकीनं तिथं काकांची माफी मागितली होती, कसल्या तरी जुन्या भांडणाची. नंतर तिला रात्री झोप लागायला लागली.

हल्ली काही गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा काढून वर आंब्याचं झाड लावतात. आमच्या पाहुण्यांनी लावलंय. त्यांची लेक माहेरी आली की आधी झाडाला पाणी घालते, मग घरात येते.

रात्रपाळी

हे वाचून एक मनातलं लिहिते. तुम्हा लोकांना रक्षाविसर्जन असतं, बारावा असतो. आम्हाला नसतं. पेशंट जातो. आम्ही नळ्या काढतो, डोळे मिटतो, अंग पुसतो, हनुवटीला पट्टी बांधतो, कागद भरतो. मावशी चादर बदलतात. अर्ध्या तासात त्याच बेडवर दुसरा पेशंट येतो आणि त्याला हसून विचारायचं असतं, "काय होतंय?" हँडओव्हरमध्ये एक ओळ, "बेड नंबर सात, एक्सपायर्ड."

कोविडच्या दुसऱ्या लाटेत एका रात्रीत तीन जण गेले. व्हिडिओ कॉलवर मी फोन धरून उभी होते, पलीकडून मुलगी म्हणत होती, "सिस्टर, त्यांच्या कपाळावरून हात फिरवा की माझ्या वतीनं." मी दोन हातमोजे घातले होते. फिरवला. त्या मुलीचा चेहरा मला आठवत नाही, आवाज आठवतो.

मी नातेवाईक नाही, मग हे दुःख कुठं ठेवायचं?

नर्सिंग_शिक्षिका

रात्रपाळी, ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, त्यालाही अभ्यासकांनी नाव दिलंय. पण नावानं तुमचं काम होणार नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वॉर्डात अंग पुसताना त्या पेशंटचं नाव घेऊन बोलतात. "काका, आता डावीकडं वळवतो हं." गेल्यानंतरसुद्धा. आणि नळ्या काढून झाल्या की दोघी-तिघी एक मिनिट गप्प उभ्या राहतात, मग चादर काढतात. एक मिनिटच. तिनं सुरू केलं तेव्हा सीनिअर हसल्या होत्या. आता त्याही थांबतात.

सांजवात

मी उद्यापासून करते हे. घरी गेलेल्या ठिकाणी घरच्यांनाही थांबवेन.

भूलतज्ज्ञ

जाता जाता एक. शेवटी व्हेंटिलेटर नको, असं ज्यांना आधीच लिहून ठेवायचंय, त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ह्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. पण कागदापेक्षा आधी घरात बोला. कपाटात ठेवलेला कागद ऐन वेळी कुणाला माहीतच नसतो, असं मी पाहिलंय.

एक_लेक

काल रात्री मी आईला हा धागा वाचून दाखवला. सगळा नाही, निवडून. पाय गार पडतात ते रात्रपाळी यांनी लिहिलंय तिथं तिनं थांबवलं. म्हणाली, "त्यांचे गार होते का गं?"

दोन वर्षांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, हो, स्ट्रेचर बाहेर आणला तेव्हा मी चादरीत हात घालून पायाला हात लावला होता, गार होते. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं कुणीच हात लावला नाही.

ती उठली, कपाटातून त्यांचे लोकरीचे मोजे काढले. थंडीत घालायचे ते. मला म्हणाली, "तू लावलास ना हात. बरं झालं." मग आम्ही दोघी रडलो, आणि ती आपणहून त्यांच्या पहिल्या नोकरीचं सांगायला लागली, सायकलवरून शिरोलीला जायचे ते. एक वाजेपर्यंत बोलत होती.

सांजवात

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

आणि एक निरोप: गुळवे काकांच्या घरच्यांनी त्यांचा एअर बेड मला दिलाय, पंपासकट, चालू स्थितीत. पुढच्या कुणालाही द्या म्हणाल्यात काकी, पैसे घ्यायचे नाहीत. कोल्हापूर परिसरात कुणाच्या घरी गरज असेल तर इथंच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोहोचवायला मी येते, आणि कूस कशी बदलायची तेही दाखवून जाते.